मुख्य अतिथींच्या हस्ते

आमच्या घरात थंडीसाठी शाल विकत घ्यावी लागत नाही. दिल्लीच्या जानेवारीत ही केवढी मोठी सोय आहे ते दिल्लीत राहिलेल्यालाच कळेल. जांभळी, मोरपंखी, चॉकलेटी, जरीकाठाची, आणि एक तर अशी की अंगावर घेतली की थंडी जाते पण खाज सुटते. सगळ्या माझ्या मुलीनं टेनिस खेळून मिळवलेल्या. शालीबरोबर श्रीफळ येतंच, त्यामुळे नारळाच्या वड्या, नारळीभात आणि सोलकढी यांचाही आमच्याकडे सुकाळ. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या पंजाबी बाईंची कित्येक वर्षं समजूत होती की आम्ही केरळचे आहोत.

मुलगी अठरा वर्षांखालच्या मुलींत देशात पहिली आली, तेव्हापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात. ती कशी खेळते हे कुणी विचारत नाही, किती कमावते ते विचारतात. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. कुठल्या तरी परदेशी पोरीला टेनिसमध्ये अमुक इतके डॉलर मिळाल्याची बातमी आली की आमच्या सेक्शनमध्ये आधी त्या डॉलरचे रुपये होतात, आणि मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळतात.

“मॅडम, फिर आप नौकरी क्यों कर रही हैं?” शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खऱ्या काळजीनं विचारतात.

“टाइमपास,” मी सांगते. त्यांना ते लगेच पटतं, कारण सरकारी नोकरीबद्दल त्यांचंही मत तेच आहे.

टेनिसमध्ये पैसा नाही असं मी म्हणत नाही. लंकेत सोन्याच्या विटा असतात, तसा तो असतो. पण लंकेपर्यंत पोचायला आधी समुद्र ओलांडावा लागतो आणि आमची मुलगी अजून काठावर चपला काढून उभी होती. आजवर तिनं या खेळातून जे मिळवलं ते मला तोंडपाठ आहे. एक मिक्सर, ज्याचं झाकण पहिल्या दिवसापासून बसत नाही. एक भिंतीवरचं घड्याळ, ज्यात आकड्यांच्या मधोमध गाझियाबादकडचे एक स्थानिक पुढारी हात जोडून उभे आहेत आणि तासातासाला आमच्याकडे मतं मागतात. आणि एका स्पर्धेच्या विजेतेपदाबद्दल एका दुकानाचं कूपन, जिथं फक्त पुरुषांचे सूट मिळत. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ह्यांनी तो सूट शिवून घेतला आणि ‘लेकीच्या कमाईचा’ म्हणून अजून प्रत्येक लग्नात तोच घालतात. भर मे महिन्यातल्या लग्नातसुद्धा.

खर्चाचं मात्र तसं नसतं. खर्च कूपनात होत नाही. रॅकेटच्या तारा तुटतात, बुटांचे पुढचे तळवे झिजतात, कोचची फी दर एप्रिलला इमानदारीत वाढते, आणि चेंडूंचा एक डबा उघडला की तासाभरात ते चेंडू फक्त कुत्र्यांना खेळायला उरतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, तो मसाला आम्ही अकरा वर्षं वाटत होतो.

सुरुवात कॉलनीतल्या कोर्टवर झाली. कोर्ट म्हणायचं ते आपल्या समाधानासाठी. लग्नसराईत तिथं मांडव पडायचा, थंडीत नेटवर लोकांच्या रजया वाळायच्या, आणि उरलेल्या दिवसांत एका डेप्युटी सेक्रेटरींची मारुती बेसलाइनवर उभी असायची. त्या गाडीला चुकवून मारता मारता माझ्या मुलीचा क्रॉसकोर्ट फटका तयार झाला असं हे सांगतात आणि मला ते खरं वाटतं. हे पहाटे तिला स्कूटरवर घेऊन जायचे. त्यांची नोकरी दुसऱ्या एका खात्यात, हिशेबाची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्यावर लाल शाईनं शंका काढणारा हा माणूस मुलीच्या टेनिसवर खर्च करताना मात्र एकदाही पेन उघडत नसे.

मुलगी बोलायला कमी. जिंकली तरी कमी, हरली तरी कमी. घरी आली की बूट दाराबाहेर, बॅग कोपऱ्यात, आणि “आई, भूक” एवढंच. आम्ही दोघं तिच्या वतीनं बोलायचो. पुढच्या महिन्यात कुठली स्पर्धा, कुठला कोच, कुठली गाडी, सगळं जेवणाच्या टेबलावर आमच्या दोघांत ठरायचं आणि ती वरणभात कालवत असायची.

एकोणीस पूर्ण झाली आणि ज्युनियरचे दिवस संपले. आता मोठ्या बायकांत खेळायचं आणि जागतिक क्रमवारीत नाव आणायचं. त्यासाठी कोचनं तुर्कस्तान सांगितलं. तिथं समुद्रकाठी एक हॉटेल आहे, त्याच्या आवारात दर आठवड्याला एक स्पर्धा होते, सगळ्यात खालच्या पायरीची. जगभरातून अशाच मुली येतात, त्याच हॉटेलात राहतात, तिथंच जेवतात आणि एकमेकींना हरवतात. पहिल्या फेरीत हरलं तर जे मिळतं त्यात हॉटेलचं बिल भागत नाही. “पण जायचं तर तीन आठवडे सलग जा,” कोच म्हणाला. “एक हफ्ते में तो हवा भी समझ नहीं आती.” ते बरोबरच होतं. एका आठवड्यासाठी जाणं म्हणजे सोमवारी हरून उरलेले दिवस समुद्र बघणं.

विमानाचं तिकीट आणि पहिला आठवडा आम्ही जमवला. ह्यांच्या क्रेडिट कार्डाची त्यातच दमछाक झाली. उरलेले दोन आठवडे कुठून आणायचे हा प्रश्न होता, आणि तिथं आमचं मंडळ आलं.

दिल्लीतल्या मराठी माणसाला दोन पत्ते असतात, एक घराचा आणि एक मंडळाचा. आमचं मंडळ दिल्लीतल्याच द्वारकेला, एका सोसायटीचा हॉल भाड्यानं घेऊन चालतं. गणपती, हळदीकुंकू, दिवाळी पहाट होतातच, पण मंडळाचा जीव कशात असेल तर तो संक्रांतीच्या सहलीत. दर वर्षी बस करून सगळे पानिपतला काला अंबला जातात आणि लढाईत पडलेल्यांना मानवंदना देऊन येतात. त्याचं सगळं सामान मंडळाच्या एका पत्र्याच्या पेटीत तयार असतं. घडीचं टेबल, पांढरीशुभ्र चादर, पितळी समई, तसबीर ठेवायचा लाकडी घोडा, अगरबत्तीचं घर. निशिगंधाचे हार तेवढे आदल्या दिवशी आणायचे. अध्यक्ष दोन शब्द बोलतात, दोन मिनिटं सगळे शांत उभे राहतात, आणि परतताना मुरथळला थांबून पराठे खातात. हरलेल्यांचा मान राखण्यात आमच्या मंडळाचा हात धरणारं दिल्लीत कुणी नाही. जिंकलेल्या माणसाचं काय करायचं, याचा मात्र कुणाला सराव नव्हता.

तरी गणपतीत अध्यक्षांनी आरतीनंतर मुलीसाठी निधीचं आवाहन केलं, आणि लोकांनी खरोखर दिलं, हे मला सांगितलंच पाहिजे. निवृत्त बायकांनी पर्समधली छोटी पर्स काढून दिलं. एका आजोबांनी माझ्या हातात पैसे कोंबून “पोरीला सांग, जिंकून ये” म्हटलं आणि मी पदर डोळ्यांना लावून खजिनदार बाईंकडे पावती करायला गेले. ह्या बाई नगरच्या, ख्रिस्ती, केंद्रीय विद्यालयात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. पैशाच्या बाबतीत त्या देवालाही पावतीशिवाय सोडणार नाहीत. दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे दोन आठवड्यांचं हॉटेल आणि जेवण निघेल एवढी रक्कम जमली.

आता चेक द्यायचा आणि मोकळं व्हायचं, असं माझ्या भोळ्या मनाला वाटलं. पण आपल्याकडे कुठलीही गोष्ट नुसती होत नाही, ती कुणाच्या तरी हस्ते व्हावी लागते. उद्घाटन हस्ते, प्रकाशन हस्ते, वृक्षारोपण हस्ते. आमच्या मंडळानं तर एकदा वॉटर कूलर हस्ते सुरू केला होता आणि ते हस्त पोचेपर्यंत जूनमधले दोन आठवडे सगळ्यांनी कोमट पाणी प्यायलं होतं.

अध्यक्ष संयुक्त सचिव म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी मुख्य अतिथी म्हणून एका मोठ्या खात्याचे बडे अधिकारी ठरवले. हे अधिकारी लखनौकडचे, सज्जन, मंडळावर त्यांचा लोभ. यंदा काला अंबलाही ते आले होते. त्यांनी डायरी बघून तारीख दिली. ती रविवारची होती, आणि मुलगी त्याच्या आधीच्या शुक्रवारी विमानात बसणार होती.

मी अध्यक्षांच्या घरी गेले.

“साहेब, चेक आधी द्या ना. समारंभ ती आल्यावर करू.”

“वहिनी,” त्यांनी चष्मा काढला, “चेक काय, पोस्टानंही पाठवता येतो. पण मग मंडळानं केलं काय?”

“मंडळानं पैसे गोळा केले.”

“ते झालं. पण दिसलं कुठं?”

“मग तारीख बदलून घ्या.”

“अहो, त्यांची डेट! आमच्या वेळी अशा माणसाची डेट मिळवायला तीन-तीन महिने लागायचे. एकदा मिळालेली डेट कोणी परत करतं का?”

“पण सत्कार जिचा, तीच नसणार.”

“तुम्ही आहात ना,” अध्यक्ष प्रेमानं म्हणाले. “आणि तिचा फोटो ठेवू. मोठा, छान फ्रेम केलेला. बिल्कुल काळजी करू नका.”

वरातीमागून घोडं म्हणतात, इथं नवरीच निघून गेल्यावर वरात निघणार होती. पण पैसा त्यांच्याकडे आणि गरज आमच्याकडे, तेव्हा मी “बरं” म्हटलं. पुढच्या दोन आठवड्यांची खोली हवी की नको हे हॉटेलला रविवारी रात्रीपर्यंत कळवायचं होतं. चेक हातात आला तर ह्यांच्या धाकट्या भावाच्या कार्डावर खोली घ्यायची आणि चेक वटला की त्याला पैसे द्यायचे, असं ठरलं. चेक नाही आला तर मुलगी पुढच्या रविवारी परत. एवढं सरळ होतं.

शुक्रवारी तिला विमानतळावर सोडलं. आत जाताना ती वळून हसली. मी ओरडून सांगितलं, “पैशाचं टेन्शन घेऊ नकोस! बाबा आणि मी बघतो!” तिनं मान हलवली.

रविवारी संध्याकाळी मी पैठणी नेसून आणि हे तो सूट घालून मेट्रोनं द्वारकेला गेलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि मी दारातच थबकले. मंचावर ते घडीचं टेबल होतं. त्यावर ती पांढरी चादर. त्यावर लाकडी घोड्यावर माझ्या लेकीचा केवढा तरी मोठा फोटो, सर्व्हिस करताना आकाशाकडे बघणारा. एका बाजूला समई, दुसऱ्या बाजूला अगरबत्ती. आणि फोटोला निशिगंधाचा भलामोठा हार.

“अहो, हे काय केलंय?” मी ह्यांचा हात घट्ट धरला.

“पेटीत जे होतं ते मांडलंय वाटतं,” हे म्हणाले.

मी तरातरा अध्यक्षांकडे निघाले, पण तेवढ्यात दारात गडबड झाली. मुख्य अतिथी चक्क वेळेवर आले होते. त्यांना पुढे आणखी एक कार्यक्रम होता. अध्यक्ष धावले, पुष्पगुच्छ धावला, फोटोग्राफर धावला, आणि माझं बोलायचं राहूनच गेलं.

तिकडे तुर्कस्तानात दुपार होती आणि मुलीचा पात्रता फेरीचा सामना सुरू झाला होता. मोबाइलवर नुसते आकडे दिसत होते. मी पहिल्या रांगेत बसून पदराआड फोन धरला होता. चार-तीन. पाच-तीन.

मुख्य अतिथी मंचावर चढले. त्यांनी फोटो पाहिला, हार पाहिला, समई पाहिली. महिन्याभरापूर्वी हेच टेबल, हीच चादर, हीच समई आणि हेच आम्ही सगळे त्यांनी काला अंबला पाहिलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं. त्यांनी पायांतले बूट काढले. ताटातली फुलं घेऊन फोटोसमोर वाहिली आणि डोळे मिटून हात जोडले. मग माइककडे आले आणि जड आवाजात म्हणाले, “इतनी छोटी उमर में... ईश्वर परिवार को शक्ति दे। आइए, हम सब दो मिनट का मौन रखें।”

आणि सगळा हॉल उभा राहिला.

हे मला आजही नीट सांगता येत नाही. दीडशे माणसं असतील. सगळी शिकलेली, सगळ्यांना माहीत की मुलगी धडधाकट आहे, आणि तरी उभी राहिली. केंद्र सरकारच्या नोकरीत हयात गेलेली माणसं. मोठा साहेब उभं राहा म्हणाला की आधी उभं राहायचं, कशासाठी ते मागाहून फायलीवर बघायचं. अध्यक्ष मान खाली घालून उभे. हे उभे, लेकीच्या कमाईचा सूट घालून. आणि काय सांगू, मीसुद्धा उभी राहिले! पाय आपोआप सरळ झाले. हॉलमध्ये इतकी शांतता की समईची वात तडतडलेली ऐकू आली. मी नजर खाली वळवली. जिच्यासाठी आम्ही सगळे स्तब्ध उभे होतो, तिनं त्याच मिनिटाला पहिला सेट घेतला होता.

मौन संपलं. मुख्य अतिथी खाली उतरले, सरळ माझ्यासमोर आले, हात जोडून म्हणाले, “बहनजी, हिम्मत रखिए।” मी “जी, रखती हूँ” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांनी ह्यांच्या खांद्यावर थोपटलं, बूट घातले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील. गाडी गेल्याचा आवाज आल्यावर हॉलमध्ये आधी कुजबुज झाली आणि मग कुणीतरी फिसकन हसलं.

“तुम्ही सांगितलं का नाही त्यांना?” मी अध्यक्षांना गाठलं.

“अहो वहिनी, चीफ गेस्ट बोलत असताना इंटरप्ट कसं करणार? प्रोटोकॉल असतो.”

“माझ्या जिवंत मुलीला त्यांनी फुलं वाहिली!”

“अगं, अशानं आयुष्य वाढतं म्हणतात,” हे मध्येच म्हणाले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते टाय सारखा करू लागले.

“आणि चेक?” मी विचारलं.

अध्यक्षांचा चेहरा खरोखर पडला. चांदीच्या ताटात रेशमी रुमालाखाली चेक तसाच होता. ज्या हातांनी तो द्यायचा ते हात आता राजौरी गार्डनच्या बाजूला कुठंतरी रहदारीत अडकले होते.

“असं करू,” ते म्हणाले, “गुढीपाडव्याला दुसरे एक पाहुणे आहेत, फार मोठे आहेत. त्यांच्या हस्ते देऊ. तोवर ती पण येईल. उलट छानच होईल.”

माझा स्वभाव तसा गरम नाही असं मी स्वतः सांगितलं तर घरचे हसतील. पण त्या दिवशी जे झालं ते रागानंही नव्हतं. मला समोर त्या हॉटेलातली खोली दिसत होती आणि आठवड्याच्या शेवटी कुणीतरी तिथं दार वाजवून लेकीला सांगतंय, उद्यापासून तुमचं बुकिंग पुढे नाही. मी साडीचा ओचा सावरला आणि मंचावर चढले. आधी फोटोचा हार काढला. मग समई मालवली, अगरबत्ती कुंडीत खोचली आणि माइकसमोर उभी राहिले.

“माझी मुलगी जिवंत आहे,” मी म्हटलं. “पहिला सेट जिंकली आहे. दुसऱ्यात दोन-शून्यनं पुढे आहे. हे पैसे तुम्ही सगळ्यांनी दिलेत, तेव्हा कुणाच्या हस्ते नकोत. माझे मी घेते.”

अध्यक्ष “वहिनी, वहिनी” म्हणत पायऱ्यांपर्यंत आले. ताट मंचावरच बसलेल्या खजिनदार बाईंच्या पुढ्यात होतं. त्यांनी चष्म्यावरून एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, रुमाल बाजूला केला आणि ताट माझ्याकडे सरकवलं. “पावतीवर सही करा,” एवढंच म्हणाल्या. मी सही केली. मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. गणपतीतले ते आजोबा खुर्चीवरून अर्धवट उठून “शाब्बास!” म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की मी श्रीखंडाची वाटी दोनदा घेतली.

परतताना मेट्रोत गर्दी होती. मंडळानं तो फोटो आम्हाला भेट दिला होता, आणि ह्यांनी त्याच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून तो छातीशी धरला होता. फुलं वाया कशाला घालवायची म्हणून हार माझ्या हातात. आम्ही डब्यात शिरलो आणि एकदम दोन तरुण उठले. “बैठिए आंटी, बैठिए अंकल।” शेजारी पागोटं बांधलेले एक हरियाणवी म्हातारबाबा होते. फोटोकडे बघून त्यांनी सुस्कारा सोडला.

“छोरी थी?”

“जी, बेटी है।”

“के होया था?”

“टेनिस खेलती है,” हे अभिमानानं म्हणाले. म्हातारबाबा बराच वेळ त्यावर विचार करत राहिले.

जनकपुरीच्या आसपास तिचा फोन आला. मी गर्दीत जवळजवळ किंचाळलेच. “जिंकलीस ना? मी बघत होते! दुसरा सेट सहा-दोन!”

“हां आई. बरी खेळले. हवा होती खूप.”

“आणि ऐक, चेक मिळाला! काय गंमत झाली ते घरी आल्यावर सांगते, तुला खोटं वाटेल. पैशाचं काम झालं. पूर्ण तीन आठवडे राहा तू. बाबा आत्ता खोली बुक करतायत.”

ह्यांनी एव्हाना फोटो गुडघ्यांवर टेकवून फोनवर हॉटेलचं पान उघडलं होतं. धाकट्या भावाच्या कार्डाचा नंबर भरून झाला होता. त्यांनी अंगठा वर धरून खुणेनं मला विचारलं, करू?

पलीकडून काहीच आवाज येत नव्हता. मला वाटलं बोगदा आला.

“हॅलो? ऐकू येतंय का?”

“हो. आहे मी.”

“मग बोल की. आनंद नाही झाला?”

“झाला ना. आई, एक सांगू? तू चिडणार नाहीस ना?”

“सांग.”

“मला वाटत होतं पैसे नाही मिळणार. मतलब, मंडळवाले काहीतरी घोळ करतील, नेहमीसारखा.”

“अगं पण मिळाले! मी स्वतः स्टेजवर चढून...”

“तेच ना. नसते मिळाले तर मला घरी येता आलं असतं. आणि कुणीच मला काही म्हणालं नसतं.”

मला आधी रागच आला. इतका की डोक्यात सणक गेली. आणि लगेच तो राग कुठं ठेवायचा तेच कळेना, कारण तिच्या आवाजात रडू नव्हतं, तक्रार नव्हती. ती फक्त थकली होती. एकोणीस वर्षांची मुलगी, नुकताच सामना जिंकलेली, आणि मंडळानं घोळ घालावा म्हणून मनातल्या मनात वाट बघत बसली होती. आम्ही तो घोळ निस्तरला होता. मोठ्या शौर्यानं, टाळ्या घेऊन.

हे अजून अंगठा वर धरून बसले होते. मी त्यांच्या फोनवर हात ठेवला.

“तुला यायचंय का?” मी विचारलं.

पुढचं स्टेशन आलं, दारं उघडली, माणसं उतरली, माणसं चढली.

“माहीत नाही, आई,” ती शेवटी म्हणाली. “हे मला कुणी कधी विचारलंच नाही ना, त्यामुळे मी विचारच नाही केला.”

“मग आता कर,” मी म्हटलं. “आम्ही थांबतो.”

ह्यांनी फोन बंद करून खिशात ठेवला.